सगळे एकत्र जेवतात ती कंपनी

मारुती मंदिराच्या चौकात माझा फोटो लागला, तेव्हा मला अजून नोकरी लागायची होती.

आईने मेथी आणायला पाठवलं होतं. जुडी पिशवीत कोंबत मी रस्ता ओलांडत होते, सहज वर पाहिलं आणि तिथेच थांबले. मागून रिक्षावाला ओरडला म्हणून बाजूला झाले. वर मीच होते, आमच्या घराच्या दारापेक्षा उंच. शेजारी हात जोडून उभे असलेले आमच्या वाडीच्या मंडळाचे अध्यक्ष माझ्यापेक्षाही थोडे मोठे छापले होते. आमच्या मागे चार इंजिनांचं अगडबंब विमान होतं. ते आमच्या मिरजोळ्याच्या छोट्या विमानतळावर उतरवायचं म्हटलं असतं तर धावपट्टी संपवून कुणाच्या तरी काजूच्या बागेत जाऊन थांबलं असतं. खाली लिहिलं होतं, ‘रत्नागिरीची गगनकन्या, कॅप्टन’ आणि पुढे माझं नाव. रविवारी जाहीर सत्कार, सर्वांनी उपस्थित राहावे.

मी कॅप्टन नव्हते. को-पायलटही नव्हते. मी अकरावीच्या मुलांना गणित शिकवत होते.

विमान चालवण्याचा परवाना माझ्याकडे होता, एवढं मात्र खरं. परराज्यातल्या एका प्रशिक्षण संस्थेतून तो घेऊन घरी येऊन वर्ष उलटून गेलं होतं. परवाना मिळाला की विमान मिळतं असं लोकांना वाटतं, मलाही वाटायचं. प्रत्यक्षात माझ्यासारखे कोरे पायलट देशभर आपापल्या घरी बसून ई-मेल उघडत असतात. मीही उघडत होते. शिकवणीत मुलं उदाहरण सोडवत असली की मी टेबलाच्या कडेवर तळवा टेकवून विमान उतरवत असे. एकदा एका मुलीने विचारलं, “ताई, हात दुखतो का तुमचा?” तेव्हापासून हात मांडीवर ठेवायला लागले.

आणि मग, फ्लेक्स लागायच्या जरा आधी, एकाच पंधरवड्यात दोन कंपन्यांनी होकार कळवला. दोन्ही लहान गावांना लहान विमानांनी जोडणाऱ्या. त्यांना मी ‘नवी’ आणि ‘जुनी’ म्हणते.

नव्या कंपनीचा होकार मुंबईतल्या हॉटेलच्या हॉलमध्ये मिळाला. तिथे माझ्या गळ्यात ओळखपत्र घातलं, विमानाच्या आकाराचा केक कापला, आणि एका साहेबांनी सांगितलं की मिरजोळ्याहून पहिलं विमान उडेल तेव्हा पुढच्या खिडकीत रत्नागिरीचीच मुलगी बसलेली असेल. ‘भूमिकन्या’ हा शब्द त्यांनी कागदात बघून उच्चारला. जुन्या कंपनीची मुलाखत दक्षिणेतल्या एका शहरात टायरच्या दुकानावरच्या खोलीत झाली. एका पिकल्या मिशांच्या कॅप्टनने तासभर ढगांबद्दल छळलं, आणि शेवटी “पाठ दुखते का?” एवढंच विचारून जायला सांगितलं. चहासुद्धा मीच खाली जाऊन प्यायले.

दोघांनाही सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं. इतर नोकऱ्यांत पहिली कंपनी चुकली तर माणूस सहा महिन्यांत दुसरी धरतो. आमच्यात तसं होत नाही. पहिली कंपनी तुम्हाला तिचं विमान शिकवते आणि बदल्यात तीन वर्षं बांधून घेते. त्या तीन वर्षांत तुम्ही उडालात तर पुढे सगळं आयुष्य पायलट. न उडालात तर परवाना कपाटात शिळा होतो आणि हात विसरायला लागतात, आणि न उडालेल्या माणसाला पुढे कोणी विमान देत नाही. माझं एक वर्ष असंच गेलेलं. आणखी तीन जाऊ देण्याइतकी मी श्रीमंत नव्हते, म्हणजे दिवसांनी.

फ्लेक्स कसा लागला, हे शोधायला फार कष्ट पडले नाहीत. मी आईला सांगितलं होतं आणि आईने कोणाला सांगितलं नव्हतं. बाबांनी फक्त एकाला सांगितलं होतं. ते अध्यक्ष निघाले.

“अजून कंपनी कुठली ते ठरवायचंय, आणि तुम्ही सत्कार ठरवलात?” मी विचारलं.

“सत्कार तुझा हाय, कंपनीचा नाय,” बाबा म्हणाले. “पण ते नवीवाले साहेब येतायत. अध्यक्षांनी फोन केला तर लगेच हो म्हणाले. पायलट लोकांना पण घेऊन येतायत, डरेसमधे.”

माझे वडील मालवाहू बोटींवर सारंग होते, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम. आयुष्यातला मोठा भाग त्यांनी पाण्यावर काढला आणि निवृत्त झाल्यावरही घराच्या पायरीला पायरी न म्हणता शिडी म्हणतात. आमच्या वाडीत घरटी एक तरी माणूस बोटीवर. तिथे बोट कशी निवडायची याची एक रीत आहे. बोट मिळाली की कंपनीला काही विचारायचं नाही. कंपनी चांगलंच सांगणार. त्या बोटीवरून नुकता उतरलेला माणूस शोधायचा, त्याच्या पडवीत जाऊन बसायचं, चहा प्यायचा, आणि पहिला प्रश्न विचारायचा तो भंडाऱ्याबद्दल. भंडारी म्हणजे बोटीवरचा स्वयंपाकी. कप्तान कसा, इंजिन कसं, हे नंतर. जो मालक खलाशांच्या ताटात हात आखडतो तो दोरखंडातही आखडतो, आणि दोरखंड कुणाच्या डोक्यावर तुटेल ते सांगता येत नाही, असा बाबांचा युक्तिवाद. याच रीतीने त्यांनी बोटी घेतल्या आणि सोडल्या, आणि हातांची सगळी बोटं शाबूत घेऊन घरी आले. त्यामुळे वाद घालायला फार जागा नव्हती.

आई निवृत्त शिक्षिका. ती म्हणाली, “अहो, विमानात भंडारी नसतो.”

“मंग माणसं खातात काय?” बाबा म्हणाले. “तेच विचारायचाय.”

नव्या कंपनीत लागलेला एक को-पायलट रजेवर घरी आल्याचा शोध अध्यक्षांनीच लावला. तो अलोऱ्याचा. शुक्रवारी सकाळी मी आणि बाबा एसटीने चिपळूणला गेलो आणि तिथून पुढे. कोयना प्रकल्पाच्या वसाहतीत सगळी घरं एकसारखी, निम्म्यांना कुलपं. एका दारात चप्पल-बुटांची गर्दी होती, आणि त्यात एक काळा बूट इतका चकचकीत की बाबांनी त्यात वाकून बघितलं.

तो माझ्याच वयाचा होता. गोल चेहऱ्याचा, अगदी नीट विंचरलेला. आम्ही येणार म्हणून त्याने घरातसुद्धा पांढरा शर्ट घातला होता. त्याच्या आईने चहा आणि आंबोळ्या आणल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “तुझा पण होणार ना गो सत्कार? याचा इथे झाला, मग चिपळूणला झाला. शाली ठेवायला जागा नाय आता.”

भिंतीवर गणवेश टांगलेला होता, वर प्लास्टिक. त्याने मोबाइलवर फोटो दाखवले. दीपप्रज्वलन, फीत कापणं, कोणी मंत्री, कोणी उद्योगपती. सगळ्या फोटोंत तो दुसऱ्या रांगेत, टोपी काखेत धरून उभा. विमानही होतं, ते मागच्या पडद्यावर छापलेलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. सभागृहातल्या फोटोत खरं विमान कुठून येणार?

“कुठे कुठे उडतोस?” मी विचारलं.

“सध्या ग्राउंड ट्रेनिंगवर भर आहे,” तो म्हणाला. “आमच्याकडे पाया पक्का करून घेतात.”

“म्हणजे सिम्युलेटर झालं का तुमचं? की...”

बाबांनी कप खाली ठेवला. त्यांना माझे प्रश्न लांबट वाटत होते.

“जेवान कसा हाय?”

इतका वेळ जपून बोलणारा तो पायलट एकदम मोकळा झाला. “काका, जेवणाला तोड नाही. मोठ्या हॉटेलात ठेवलंय आम्हाला. सकाळी नाश्ता तुडुंब. दुपारी एकाला गरम जेवण. लांबलचक टेबल आहे, आम्ही सगळे पायलट एकत्रच बसतो.”

“सगळे?”

“सगळे. कॅप्टनसुद्धा.”

“रोज?”

“रोज.”

“मासळी?”

“बुधवारी आणि रविवारी. मागितली तर मधेही देतात.”

“आला तेव्हा मी ओळखलाच नाय,” त्याची आई कौतुकाने म्हणाली. “ती पँट दोनदा उसवून घेतली.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मुलीला स्थळ पसंत पडल्यावर बाप जसा बघतो तसं. पुढचा प्रश्न विचारायची त्यांना गरजच वाटली नाही. निघताना तो पायलट फाटकापर्यंत आला आणि मला म्हणाला, “तू ये. आपल्याकडचं कोणी असलं तर बरं वाटेल.” मला ते साधं आमंत्रण वाटलं.

जुन्या कंपनीतल्या एका को-पायलटचा नंबर मी मिळवला होता. त्याला सकाळपासून दोनदा फोन केला होता. पहिल्यांदा पलीकडून विमानाच्या पंख्यांची घरघर आली आणि फोन तुटला, दुसऱ्यांदा “नंतर, नंतर” एवढंच ऐकू आलं. त्याचा फोन आला तो आम्ही चिपळूण स्टँडवर गाडीची वाट बघत असताना. बाबांनी खूण केली, म्हणून मी स्पीकर लावला.

तो माणूस हिंदीत तक्रार करायला लागला आणि थांबेना. कॅप्टन ओरडतात. सकाळी एक गाव, दुपारी दुसरं, मधे दम नाही. विमान तुमच्याकडच्या एसटीपेक्षा लहान आहे आणि तेवढंच हलतं. समुद्रावरचा वारा आडवा येतो, उतरताना घाम फुटतो, आणि उतरलं की कॅप्टन म्हणतात, हे काय उतरणं झालं? रात्री राहायची जागा अशी की गादीवर टॉवेल अंथरून झोपायचं.

बाबांनी माझ्या हातातला फोन स्वतःच्या तोंडापाशी ओढला. “खाना कैसा है?”

“खाना?” तो हसला. “अंकल, अपना डिब्बा. विंग के नीचे खडे होके. कभी आधा खाया, आधा अगले एअरपोर्ट पे.” मग कोणीतरी त्याला हाक मारली, आणि त्याने निरोप न घेताच फोन ठेवला.

“उभ्याने,” बाबा म्हणाले. गाडी लागेपर्यंत ते आणखी दोनदा तेवढंच म्हणाले.

घरी पोचलो तेव्हा आईने पानं घेतली होती. बाबा हात धुता धुताच सुरू झाले. नवी कंपनी. त्यात बघायचं काही उरलेलंच नाही. गरम जेवण, आठवड्यातून दोनदा मासळी, मुलाची पँट उसवावी लागली. “आणि सगळे एकत्र जेवतात गो. कप्तान, को-पायलट, सगळे एका टेबलावर, एका टायमाला. मी एवढ्या बोटी केल्या, असा मान कुठं बघितला नाय.”

मी भात कालवत होते. दिवसभर मनात काहीतरी खुपत होतं आणि ते काय हे सापडत नव्हतं. मला वाटत होतं की टायरच्या दुकानावरची खोली मला उगाच आवडली आहे. थाटामाटाचा मला लहानपणापासून राग, तेव्हा गरिबीलाही मी उगाच गुण देत असेन. बाबा पुन्हा म्हणाले, “सगळे एकत्र,” आणि मी केवळ संभाषण चालू ठेवायला विचारलं,

“बाबा, बोटीवर तुम्ही सगळे एकत्र कधी जेवायचात?”

“कधीच नाय. कसं जेवणार?” ते म्हणाले. “एक पाळी ब्रिजवर, सुकाणूपाशी, एक खाली इंजिनात, एक झोपलेली. सगळेच ताटावर बसले तर बोट कोण चालवणार?”

हे बोलून त्यांनी घास उचलला. तो तोंडापर्यंत गेला नाही.

मीही थांबले होते. रोज दुपारी एकाला सगळे पायलट टेबलावर. कॅप्टनसुद्धा. मग वर कोण होतं?

“एकदा जेवलात तुम्ही,” आई हळूच म्हणाली. “सगळे एकत्र.”

आमच्या घरी एक जुनी गमतीची गोष्ट होती. तिचं नाव ‘सुट्टीची बोट’. आखातातल्या एका बंदराबाहेर बाबांची बोट नांगर टाकून उभी राहिली, मालकाचं काहीतरी लफडं होतं म्हणून काम बंद, आणि सगळा क्रू एका टेबलावर बसून बिर्याणी खायचा आणि पत्ते खेळायचा. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते, पाहुण्यांना सांगताना बाबा भंडाऱ्याची नक्कल करायचे. ती नेहमी बिर्याणीपाशी संपायची. त्यापुढे काही असेल असा विचार मी कधी केला नव्हता.

“पुढचं सांगा तिला,” आई म्हणाली.

बाबांनी घास ताटात परत ठेवला. ते माझ्याकडे न बघता बोलले. मालक पळाला होता. आधी मटण संपलं, मग भाजी, मग डिझेल, म्हणजे पंखा आणि दिवे. पावसाचं पाणी ताडपत्रीवर धरायचे, पण तिथे पाऊस कुठला. बोट सोडता येईना, कारण सुटकेच्या कागदांवर सही करायला कोणी नव्हतंच. किनारा समोर दिसायचा.

“कप्तान रोज दाढी करायचा,” ते म्हणाले. “रोज. पट्ट्यांचा पांढरा डरेस घालून ब्रिजवर उभा राहायचा. बोट हलत नाय, बघायला कोण नाय, आणि हा उभा. आम्ही आधी हसायचो.”

“मग?”

“मंग नाय हसलो.”

आईने ताटं उचलली. बाबांचं अर्धं जेवण तसंच होतं. ते उठताना म्हणाले, “मी तुला त्याच बोटीवर चढवत होतो.” मला वाटलं होतं, आपले वडील कुठल्याही गोष्टीला घाबरत नाहीत. त्या संध्याकाळी ते हात न धुताच बाहेर पायरीवर जाऊन बसले.

तरी मला खात्री करायची होती. हॉटेलात एकत्र जेवण्याला दुसरं साधं कारणही असू शकतं. शनिवारी सकाळी मी अलोऱ्याला फोन लावला.

“एकच विचारते,” मी म्हटलं. “शेवटचं कधी उडालास?”

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

“आईला कळू देऊ नकोस,” तो म्हणाला.

लागल्यापासून तो एकदाही उडाला नव्हता. कोणीच उडालं नव्हतं. कंपनीकडे विमान नव्हतं. येणार होतं, सारखं येणार होतं. पण परवानगी मागायची तर आमच्याकडे इतके पायलट आहेत असं दाखवावं लागतं, म्हणून पायलट आधी घेतले. आता ते आहेतच, तर कार्यक्रमांना नेतात. गुंतवणूकदार आले की रांगेत उभं करतात.

“मला पुढे घेतात,” तो म्हणाला. “मी उभा छान राहतो म्हणे.”

“मग सोडत का नाहीस?”

“बाँड आहे, तीन वर्षांचा. आणि सत्कार झालाय गं माझा. दोनदा. काय सांगू लोकांना?”

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ ओट्यापाशी उभी राहिले. शाल आणि नारळ यांना मी आजवर निरुपद्रवी समजत होते. फार तर हास्यास्पद. त्यांनी माणूस खुर्चीला बांधता येतो हे मला माहीत नव्हतं, आणि माझी शाल उद्या सकाळची होती.

त्याच दुपारी मी जुन्या कंपनीला होकार पाठवला. तासाभरात एका ओळीचं उत्तर आलं: पुढच्या आठवड्यात या, टाचा नसलेले बूट आणा. मग बाबा आणि मी अध्यक्षांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. अध्यक्षांनी मन लावून ऐकलं.

“पण हॉल घेतलाय,” ते म्हणाले.

“अहो, त्या कंपनीकडे विमानच नाही.”

“ते येईल ना. पाव्हणे मुंबईहून निघाले पण असतील. तू असं कर, नुसती उभी राहा. बोलू नको. कुठल्या का कंपनीची असेना, पोरगी तर आपली हाय?”

रविवारी हॉल भरला होता. व्यासपीठावर साहेब, तसल्या उकाड्यात सूट घालून; मागच्या पडद्यावर तेच चार इंजिनांचं विमान; आणि पडद्यापुढे गणवेशातल्या पायलटांची रांग, टोप्या काखेत, खांद्यांवर सोनेरी पट्ट्या. अलोऱ्याचा को-पायलट त्यात तिसरा. कार्यक्रम जवळच म्हणून त्याची रजा रद्द केली होती. तो माझ्याकडे बघत नव्हता. खरोखरच छान उभा होता.

साहेबांचं भाषण झालं. त्यात आकाश बरंच होतं. मग दोघांनी धरून एक पुठ्ठ्याचा बोर्डिंग पास आणला, अर्ध्या खाटेएवढा, त्यावर माझं नाव. तो साहेबांनी माझ्या हातात द्यायचा आणि मी ‘स्वीकारते’ म्हणायचं, असं ठरलं होतं. माझ्यापुढे माइक आला.

मी फार बोलले नाही. सत्काराबद्दल आभार मानले. या कंपनीत मी जात नाही, दुसरीकडे जाते आहे, कारण तिथे विमान आहे, एवढं सांगितलं. आता हॉलमध्ये काय होईल याची रात्रभर कल्पना केली होती: कुजबुज, खुर्च्यांचे आवाज, कोणीतरी उठून जाईल.

टाळ्या पडल्या. कडकडून पडल्या. मी बोलायचं थांबले होते, म्हणून पडल्या. साहेब हसतच होते. त्यांनी बोर्डिंग पास माझ्या हातात दिला आणि आम्ही दोघं फोटोग्राफरकडे तोंड करून उभे राहिलो. अध्यक्षांनी लिहून आणलेलं आभाराचं भाषण काढलं आणि नव्या कंपनीत रुजू होणाऱ्या कॅप्टनला अख्ख्या वाडीतर्फे शुभेच्छा दिल्या. मी आईकडे पाहिलं. ती पदराने तोंड झाकून बसली होती. रडत होती की हसत होती ते मी तिला आजतागायत विचारलेलं नाही. मला मात्र इतकं सुन्न कधी वाटलं नव्हतं. मी सगळ्यांदेखत खरं बोलले होते आणि ते कुठेही लागलं नव्हतं.

नंतर जेवण होतं. सुरमईची कढी, तळलेली पापलेटं, भात, सोलकढी. पायलटांसाठी वेगळं लांब टेबल मांडलं होतं. ते सगळे एका रांगेत बसले, टोप्या मांडीवर ठेवून, आणि त्यांच्या ताटांत वाढायला बाबा स्वतः उभे राहिले. अध्यक्ष म्हणाले, “तुम्ही कशाला? वाढपी हायत की.” बाबांनी ऐकलं नाही. एकेकाच्या पाठीवर हात ठेवून ते वाढत होते, घरचा मुलगा परगावाहून आल्यासारखं.

अलोऱ्याच्या मुलापाशी मीही कढीचं भांडं घेऊन उभी होते. बाबांनी त्याच्या पानात दुसरं पापलेट ठेवलं.

“काका, पुरे.”

“खा रे,” बाबा सवयीने म्हणाले. “तुला कुठं पाळीवर जायचाय.”

बोलून गेले आणि मग त्यांचा हात तसाच राहिला. ते टोमणा मारणारे नाहीत; बोटीवर सुटीवरच्या माणसाला असंच म्हणतात. पण त्या मुलाने ऐकलं होतं. त्याने ताटावर हात आडवा धरला. बाबा पुढे सरकले नाहीत. दोघंही त्या हाताकडे बघत होते.

“ती दुसरी कंपनी,” तो मला म्हणाला, अगदी खालच्या आवाजात, कारण शेजारचा पायलट सोलकढी मागत होता. “तिथे अजून घेतायत?”

“माहीत नाही. विचारता येईल. पण तुझा बाँड?”

“ते मी बघतो. वकील असतात ना त्याला.” त्याने मान वर केली. “कशी आहे?”

मी पडवीत बसलेल्या माणसासारखं खरं तेवढं सांगितलं. कॅप्टन ओरडतात. विमान हलतं. गादीवर टॉवेल अंथरून झोपावं लागतं.

“जेवण?” त्याने विचारलं.

“डबा आपला आपण न्यायचा,” बाबा मधेच म्हणाले. “उभ्याने खायचा. पंखाखाली.”

त्याने मांडीवरची टोपी उचलून टेबलावर ठेवली, सोलकढीच्या पेल्याशेजारी, हात पुसले आणि खिशातून फोन काढला.

“नंबर सांग,” तो म्हणाला.